जशीच्या तशी पिकअप

सुताराने पिकअपच्या चासीला पहिलं भोक पाडलं, तेव्हा बायको दारातून म्हणाली, "अहो, उद्या सकाळी बाबा यायचेत."

"मग? स्टँड बसलेला बघून खूश होतील."

"गाडी जशीच्या तशी दिसली तर तुमची, नाहीतर परत नेणार, असं बजावून गेलेत ते."

सुताराने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. सासरे गाड्या तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेले. उभा जन्म दुसऱ्यांच्या गाड्यांखाली शिरण्यात गेल्यामुळे जावयाकडेही ते कुठे गंज दिसतोय का अशा नजरेने बघत. पण त्यांची पिकअप हाताशी आल्यापासून सुताराची दारं-खिडक्या वेळेवर पोचू लागली होती. ती गेली, की पुन्हा हातगाडी आणि पुन्हा गावातला तो चढ. मात्र लांब फळ्या न्यायला वर लोखंडी स्टँड हवाच होता. शिवाय वीस वर्षं भोकं पाडण्यात घालवलेल्या माणसाला चार भोकांचं काय एवढं!

पहिलं भोक अगदी खुणेवर पडलं. फक्त त्याच्या मागे डिझेलची टाकी निघाली आणि नट लावायला बोटच आत जाईना. म्हणून त्याने दोन बोटं पुढे दुसरं भोक पाडलं. नट बसला, पण पुढे सरकलेला स्टँड केबिनच्या मागच्या काचेला जाऊन टेकला. मग मागे सरकून तिसरं भोक. त्यात ड्रिल आरपार गेलं आणि मागचे दिवे गेले.

वायरमन आला, तुटलेल्या वायरी जोडल्या आणि जाता जाता म्हणाला, "गाडी उडवायची असेल तर सांगा हं, मी लांब उभा राहतो."

सुताराने मुकाट्याने स्टँड उतरवला. राहिली तीन भोकं. चुकलेल्या भोकावर त्याच्याकडे एकच औषध होतं. त्याने सागवानाच्या तीन खुंट्या तासल्या, सरस लावून ठोकल्या, वर पुट्टी भरली, काचकागद मारला आणि काळा रंग दिला. काम इतकं सुरेख झालं, की ते कोणाला दाखवता येणार नाही याचं त्याला मनापासून वाईट वाटलं.

"लोखंडात लाकूड?" बायको म्हणाली.

"दिसतंय का?"

"नाही."

"मग लोखंडच ते."

दुसऱ्या दिवशी सासरे आले ते चहालाही थांबले नाहीत. खिशातून छोटी हातोडी काढून, गोणपाट अंथरून ते पुढच्या बाजूने थेट गाडीखाली शिरले. जावईही शेजारी आडवा झाला. दुसरं करणार तरी काय?

"बारा वर्षं ही गाडी मी कोणाच्या हाती दिली नव्हती, जावईबापू," ते म्हणाले आणि चासी ठोकू लागले. "लोखंड बोलतं. ऐका."

टण. टण. टण.

ठप.

सुताराने डोळे मिटले. संपलं सगळं! पण सासरे जोरात खोकले आणि लगबगीने पुढचं ठोकू लागले. सुताराने डोळे उघडून नीट पाहिलं. ही जागा तर पुढच्या चाकाजवळची होती. त्याने नख लावलं, तर रंगाचा पोपडा निघाला आणि नख आत रुतलं.

"बाबा, हे माझं नाही!" तो उसळून म्हणाला. "माझ्या तिन्ही खुंट्या मागे आहेत. सागवानी! हे तर बाटलीचं बूच आहे. असलं भिकार काम मी नाही करत."

आपण काय बोलून बसलो ते त्याच्या लक्षात आलं, तोवर फार उशीर झाला होता. सासऱ्यांनी हातोडी गोणपाटावर ठेवली.

"सागवानी," सासरे हळूच म्हणाले. "पावसाळ्यात फुगत नाही?"

"अजिबात नाही."

"माझी बुचं दर वर्षी फुगतात."

मग पडल्या पडल्याच त्यांनी शर्टाच्या खिशातून गाडीचे कागद काढले आणि जावयाच्या हातात ठेवले.

"आणखी चार आहेत, डाव्या बाजूला," ते कुजबुजले. "सवडीने तीही सागवानी करून घ्या."