आधी धूप, मग कॉफी

रय्याला बघायला बहल्याहून मंडळी यायची होती, आणि नसरा सकाळपासून एकच उशी चार ठिकाणी ठेवून बघत होती.

"आई, ते मला बघायला येतायत. उशीला नाही," रय्या म्हणाली.

"तू गप्प बस. उशी निदान ठेवली तिथे राहते."

मुलाचे नाव हैथम. रय्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात कामाला होती, आणि हैथम तिथे येऊन एकच पुस्तक परत करायचा आणि पुन्हा तेच घेऊन जायचा. वर्षभर हे चालले, तेव्हा कुठे त्याने आईपुढे तोंड उघडले. त्याची आई गालिया भारी मानी बाई. लग्नाचे बोलावणे जरा उशिरा पोहोचले तर ती जात नसे, आणि ती का आली नाही याचीच चर्चा मग लग्नापेक्षा जास्त होई. ती एकदाची निझव्याला यायला तयार झाली हेच पुष्कळ होते. आज काही बिनसले तर गालिया या घराची पायरी पुन्हा चढणार नव्हती, आणि आईच्या शब्दाबाहेर जाणे हैथमच्या स्वभावात नव्हते. रय्या तोंडाने थट्टा करत होती खरी, पण हातातली बांगडी सारखी फिरवत होती.

घरात तिसरी होती मेकदेस. इथिओपियातल्या गोंदरची पोर, निझव्याला शेतकी शिकायला आलेली, आणि हिवाळ्यापासून नसराकडे राहणारी. मुलगी गुणाची. तिचा उत्साह मात्र कुणीतरी आवरून धरावा लागे. आमच्या रीतीभाती ती एकेक करून शिकत होती, बहुतेक वेळा आधी चूक करून. कॉफीचा पेला हलवून परत दिला नाही तर तो पुन्हा भरतात, हे तिला आल्या आल्या कुणी सांगितले नव्हते. समोरच्या घरी ती बिचारी नको म्हणायचे कसे या विचारात पीत राहिली, आणि शेजारीण हिला केवढी आवडली म्हणून ओतत राहिली. शेवटी किटली रिकामी झाली म्हणून दोघी सुटल्या.

दुपारची नमाज झाली आणि पाहुणे आले. गालिया, आणि तिच्याबरोबर तिची सासू मौझा आजी. हैथमने दोघींना दाराशी उतरवले. गालियाने त्याला बजावले, "संध्याकाळी मगरिबची अजान होईपर्यंत इकडे फिरकायचं नाही. आणि फोन बंद ठेव. तुला राहवणार नाही, सारखा वाजवत बसशील."

त्याने आईसमोर फोन बंद केला आणि गेला.

बैठकीच्या खोलीत गालिचावर सगळे नीट मांडले होते. खजूर होते, फळे होती, आणि नसराने स्वतः ढवळलेला केशरी हलवा होता. तब्येतीची विचारपूस झाली, एकमेकींच्या मेलेल्या नातेवाइकांची आठवण निघाली, दोन ओळखी जुळल्या. रय्या आतल्या खोलीत बोलावण्याची वाट बघत होती. गालियाचा चेहरा सैल होत होता. एवढ्यात स्वयंपाकघरातून कॉफी उतू गेल्याचा करपट वास आला आणि नसरा ताडकन उठली.

"मेकदेस, बस गं जरा इथे. मी दुसरी टाकते. पाहुण्यांचं बघ तेवढं."

मेकदेसने पाहुण्यांचे बघायचे ठरवले, आणि तिथे सगळे फिसकटले.

गोंदरला पाहुणा आला की आधी जमिनीवर हिरवे गवत पसरतात, निखाऱ्यावर धूप टाकतात, आणि त्या धुरात बसून कॉफी भाजायला घेतात. धूर निघाला म्हणजे बसा, आता कुणाला कुठे जायचे नाही. आमच्याकडे नेमके उलटे. खाणे झाले, कॉफी झाली, बोलणे संपत आले, की यजमानीण ऊद घातलेले धुपाटणे फिरवते. पाहुणे ओढणीला आणि बाहीला धूर घेतात आणि उठतात. 'आता निघा' असे कुणाला तोंडाने म्हणावे लागत नाही.

मेकदेसने हे पाहिले नव्हते असे नाही. पाहुणे उठायला लागतात आणि नेमका तेव्हाच ऊद येतो, हे तिने कितीतरी वेळा पाहिले होते. त्यावरून तिने एवढाच अर्थ काढला होता की मावशी विसराळू आहे. इतका महागाचा ऊद, आणि बिचारीला आठवतो कधी, तर लोक चपला घालताना. आजही धुपाटणे अंगणात तयार होते, निखारे फुललेले होते, आणि मावशी पुन्हा कॉफीच्या मागे धावली होती.

आधी तिने गवत शोधले. शेळीसाठी आणलेला लसूणघास अंगणात पडला होता, हिरवागार आणि ताजा. तिने दोन्ही हातांत मावेल तेवढा आणला आणि गालिचावर पाहुण्यांच्या पायांशी प्रेमाने पसरला. मौझा आजींनी पाय जवळ ओढले.

"हे काय गं?" त्यांनी सुनेला विचारले.

"चारा," गालिया ओठ न हलवता म्हणाली.

"आपल्याला?"

मेकदेस तोवर धुपाटणे घेऊन आली होती. आज मोठा दिवस, म्हणून तिने ऊद चांगला मूठभर घातला होता. आधी आजींपुढे, मग गालियापुढे तिने ते अगदी रीतीने धरले. रीतीत काही म्हणजे काही चूक नव्हती.

"घ्या ना," ती तोंडभर हसून म्हणाली. "अजून घ्या, पुष्कळ आहे!"

गालियाचा चेहरा आधी पांढरा झाला आणि मग लाल. पण बाई रीतीची. तिने ओढणीचे टोक धुरावर धरले, "अल्ला या घराला बरकत देवो," म्हणाली आणि उभी राहिली.

"अगं, माझा हलवा अजून..." आजी हातातला तुकडा दाखवत म्हणाल्या.

"उठा आई."

दोघी बाहेर पडल्या. मेकदेसला वाटले, धूर जरा जास्त झाला, मोकळ्या हवेवर चालल्यात. ती धुपाटणे घेऊन मागोमाग गल्लीत गेली.

गल्लीत गाडी नव्हती. गालियाने हैथमला फोन लावला. फोन बंद होता. तिनेच बंद करायला लावला होता, त्यामुळे कुणावर ओरडायचीही सोय नव्हती. बहल्याच्या गालियाबाई ठेवणीतले कपडे घालून भर उन्हात परक्या गल्लीत उभ्या होत्या, आत जाता येत नव्हते आणि घरी जाता येत नव्हते. आजी सरळ दाराच्या पायरीवर बसल्या. तेवढ्यात त्यांच्या नाकाखाली पुन्हा धूर आला.

"घ्या, इथे वाराही छान आहे," मेकदेस म्हणाली.

"घरातून घालवलंत ते कमी झालं का," गालिया कडाडली, "म्हणून आता गल्लीतूनही घालवताय?"

समोरची खिडकी उघडली. शेजारणीने आधी अर्धे तोंड बाहेर काढले आणि मग पूर्ण.

आत नसरा नवी कॉफी घेऊन बैठकीत आली तेव्हा खोलीत धूर कोंदला होता आणि पाहुण्यांच्या जागी शेळी होती. चारा तिला आवडला होता आणि आता ती हलव्याकडे बघत होती. नसराने किटली कशीबशी खाली टेकवली आणि अनवाणी बाहेर धावली. मेकदेसच्या हातातले धुपाटणे बघून तिला सगळे एका क्षणात कळले.

"हैथमच्या आई, अल्लाशपथ, चूक झाली! ही परदेशी मुलगी. हिच्या देशात पाहुणा आल्यावर धूप लावतात. हिला माहीत नाही हो!"

"कधीपासून राहते तुमच्याकडे?"

"हिवाळ्यापासून."

"हिवाळ्यापासून," गालिया म्हणाली. "इतके दिवस तुमच्या घरात राहते आणि ऊद कशाला फिरवतात ते तिला ठाऊक नाही? मग ठेवता कुठे तिला, शेळीपाशी? रय्याच्या आई, नको असेल तर सरळ नको म्हणा. परक्या पोरीच्या हातून मला हाकलू नका."

मेकदेसला आता कुठे समजले. तिने धुपाटणे झटकन पाठीमागे लपवले, त्यामुळे धूर तिच्या डोक्यावरून वर येऊ लागला.

नसराकडे एक गोष्ट होती, जी सांगितली तर गालियाचा विश्वास बसला असता. पण ती मेकदेससमोर कधी काढायची नाही, असे तिने पहिल्या दिवसापासून मनाशी धरले होते. घरातही तिने ती कुणाला बोलू दिली नव्हती.

"आई, सांग ना!" दाराआडून रय्याचा आवाज आला.

"नको गं."

"मग माझं लग्न राहू दे का?" रय्याचा आवाज रडवेला झाला होता.

नसराने एकदा दाराकडे पाहिले, एकदा मेकदेसकडे पाहिले, आणि ती गालियाला म्हणाली, "ही पोर माझ्याकडे राहायला आलेलीच नव्हती. रय्याने एका दुपारी कॉफीला आणली होती. खाल्लं, प्यायलं, गप्पा झाल्या. मी ऊद फिरवला. तर हिने मोजे काढले."

"मोजे?" गालिया म्हणाली.

"दोन्ही. आणि पाय वर घेऊन बसली. मला वाटलं लक्षात आलं नसेल, म्हणून थोड्या वेळाने परत फिरवला. तर हिने केस सोडले, मला म्हणाली, मावशी, इथे आल्यापासून माझ्यापुढे कुणी धूप धरला नव्हता. आणि रडायला लागली. आता काय करू? संध्याकाळचा स्वयंपाक व्हायचा, घरात पसारा. मी मन घट्ट केलं आणि तिसऱ्यांदा फिरवला."

"मग?" आजींनी विचारले.

"उशीवर डोकं ठेवलं आणि झोपली."

समोरच्या खिडकीतून खिक् असा आवाज आला. गालियाच्या ओठाचा एक कोपरा हलला. तिने तो आवरायला पाहिले, पण दुसरा कोपराही हलला, आणि मग ती मानी बाई भिंतीला हात टेकून अशी हसायला लागली की तिच्या डोळ्यांना पाणी आले.

"उठवली का नाहीत हो?"

"कुणाची तरी मुलगी झोपली होती," नसरा म्हणाली. "कसं उठवायचं? सकाळी तीच सगळ्यांच्या आधी उठली आणि तिने अंगण झाडलं. मग कुणी काही बोललंच नाही."

मौझा आजींनी इतका वेळ हातात धरलेला हलव्याचा तुकडा तोंडात टाकला आणि त्या सुनेचा हात धरून, दारातून आत बघत पायरीवरून उठल्या. "गालिया, आत चल. झोपलेल्या परक्या पोरीला जी उठवत नाही, तिची मुलगी आपल्या हैथमला चालेल. मला तर पळेल. आणि ती शेळी आधी बाहेर काढा, हलवा संपवेल."

गालियाने डोळे पुसले आणि ती आत गेली. रय्या दाराआडून बाजूला व्हायला विसरली, त्यामुळे होणाऱ्या सासूने तिला पाहिले ते तिथेच, नाक लाल झालेली आणि एका हातात निसटलेली बांगडी. गालियाने ती बांगडी तिच्या हातात चढवली.

मेकदेस मात्र गल्लीतच उभी होती. चुकीची लाज तिला वाटत होतीच, पण त्याहून जास्त वाईट दुसऱ्याच गोष्टीचे वाटत होते. जे घर तिने आपले धरले होते, त्या घराने तिला पहिल्याच दिवशी जा म्हणून सांगितले होते.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "तुम्ही मला तीनदा जा म्हणालात?"

"तीनदा," नसरा म्हणाली. तिने मेकदेसच्या हातातले धुपाटणे काढून घेतले आणि तिची पोळलेली बोटे उलटसुलट करून बघितली.

"मग चौथ्यांदा का नाही म्हणालात?"

"चौथ्यांदा कुठलं म्हणणार, कपाळ! चौथ्यांदा आले होते तेव्हा माझ्या हातात पांघरूण होतं," नसरा म्हणाली. "चल आता, बोटांना पाणी लाव. पाहुण्यांना कॉफी तूच द्यायची आहेस."