मंत्र्याने धुतलेली राख

एका जंगलात कचऱ्याचा डोंगर झाला होता. हसू नका मुलांनो, तुमच्याकडेही आहे. सिंहमहाराजांनी भट्टी लावून तो जाळला. मग राखेचा डोंगर झाला.

घुबड म्हणाले, "राख चाळून, धुऊन सिमेंटात थोडी घातली तर चालते."

कोल्हा मंत्री होता. त्याने 'चालते' एवढेच घरी नेले.

महाराजांचे सभागृह बांधायचे ठरले. काम गुणाजी साळिंदराकडे आले. त्याच्या घराण्यात सात पिढ्या गवंडीकाम. रीतही सात पिढ्यांची. स्लॅबचे टेकू काढताना गवंड्याने खाली बसायचे. पडला तर पहिला त्याच्यावर.

कोल्हा राखेच्या गाड्या घेऊन आला.

"अर्धं सिमेंट, अर्धी राख. घाल."

"मंत्रीसाहेब, ह्यात खिळे आहेत, चमचे आहेत. मीठ तर किती! ते आतल्या सळ्या खातं. चाळून धुऊन द्या. आणि दहा घमेल्यांत एकच."

"धुवायला वेळ कुणाला आहे? उद्घाटन ठरलंय. जमत नसेल तर सांग. घूस तयार आहे."

गुणाजी विचारात पडला. बांधावे तर आपण मरणार. सोडावे तर घूस बांधणार आणि सगळी सभा मरणार. त्याने थापी धुतली आणि दरबार गाठला.

"महाराज, टेकू काढताना खाली बसायचा मान गवंड्याचा. पण यंदा माप मंत्रीसाहेबांनी ठरवलंय. तेव्हा मान त्यांचा."

"वा!" महाराज म्हणाले. "कोल्होबा, हार घालून बसा."

माकडांनी टाळ्या पिटल्या. कोल्हा हसला. हसता हसता थांबला.

दुसऱ्या दिवशी कोल्हा हौदात उभा. शेपटीपर्यंत राखाडी.

"साहेब, पुरे आता. तीनदा धुतलीत."

"गप रे! अजून एकदा चाळतो. दहांत एक ना?"

"एक."

"अर्धंच घाल."

महिन्याने टेकू निघाले. कोल्हा डोळे मिटून खाली बसला. गुणाजीही बसला, सवयीने. स्लॅब जागचा हलला नाही.

कोल्ह्याला 'राखरत्न' पदवी मिळाली. त्याच दिवशी त्याने महाराजांची सही घेतली. खाली बसायची रीत बंद. फार मागासलेली म्हणे.

आता पिल्लांच्या शाळेचे काम निघाले आहे. घुशीला दिले आहे. राखेच्या गाड्या भट्टीवरून थेट येतात.

तात्पर्य : जुन्या रीती ताबडतोब मोडाव्यात. त्यांच्यापायी मंत्र्यांना काम करावे लागते.