तक्रारदाराचा बाकाशी संबंध

एका मंगळवारी सकाळी नाश्ता करताना मी वडिलांना छातीठोकपणे सांगितलं की, आमच्या कार्यालयात आलेलं प्रत्येक पत्र मी स्वतः वाचते.

आमचं कार्यालय म्हणजे लोकपालांचं. पालिका रस्ता खणून विसरली, दिवा लावून जोडायला विसरली, की लोक आधी पालिकेला लिहितात, साठ दिवस वाट बघतात आणि मग तावातावाने आमच्याकडे येतात. त्यांचा ताव नियमात बसतो की नाही, हे ठरवणारी अधिकारी मी.

"प्रत्येक पत्र?" पावाला लोणी लावता लावता बाबांनी विचारलं.

"प्रत्येक."

"दिवसाला किती येतात?"

"चाळीस-पन्नास."

"बाप रे. डोळे दुखत असतील मॅडमचे."

मला बढती मिळाल्यापासून ते मला मॅडम म्हणायचे. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, त्यामुळे हा विनोद रोज मलाच ऐकावा लागे.

"बरं, चढावरच्या बाकाचं काय होईल गं?"

वाचनालयाकडे जाणाऱ्या चढावर मध्यावर एक बाक होता. बाबा जाताना त्यावर दम खायचे आणि येताना नवं पुस्तक उघडायचे. एक दिवस बाक गेला आणि जमिनीत चार बोल्ट राहिले.

"बाबा, घरात ऑफिस नको. पालिकेला लिहा, साठ दिवस थांबा, मग आमच्याकडे या. रांग सगळ्यांना सारखी."

"बरोबर आहे," ते म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

त्याच दुपारी ते खुर्चीत बसल्या बसल्या गेले. बाकाचा त्याच्याशी काही संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी दोनदा विचारलं होतं.

दोन आठवड्यांनी मी कामावर रुजू झाले, तेव्हा आवक कारकून एक फाइल पोटाशी धरून माझ्या टेबलासमोर उभा होता. शाळेत खिडकीची काच फोडून आलेलं पोर उभं राहतं, तसा.

"मॅडम, हे तुमच्या घराच्या पत्त्यावरचं निघालं."

फाइलमध्ये बाबांची चार पत्रं होती आणि त्यांना गेलेली तीन उत्तरं. तिन्ही उत्तरांखाली माझी सही. खुलासा करते. आमच्याकडे कारकून पत्रं खेळायच्या पत्त्यांसारखी एकावर एक सरकवून ठेवतो. दिसते ती फक्त सहीची जागा. मी वरून खाली सह्या करत जाते. चाळीस पत्रांना सहा मिनिटं लागतात. यालाच मी नाश्त्याच्या टेबलावर 'वाचणं' म्हणत होते.

पहिल्या पत्रात मी बाबांना कळवलं होतं की अठ्ठावन्न दिवसच झाले आहेत, सबब तक्रार मुदतपूर्व आहे. दोन दिवसांनी त्यांनी पुन्हा अर्ज पाठवला. दुसऱ्या पत्रात मी पालिकेच्या उत्तराची प्रत मागितली. त्यांनी जोडली. पालिका म्हणत होती की सदर ठिकाणी बाक कधीही नव्हता. तिसऱ्या पत्रात मी विचारलं होतं, 'तक्रारदाराचा बाकाशी नेमका संबंध काय, हे स्पष्ट करावे.'

त्यावर बाबांचं शेवटचं पत्र एका ओळीचं होतं. 'मी त्यावर बसत असे.'

त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'अधिकारी मॅडम कामात असतात याची कल्पना आहे. घाई नाही.'

माझ्या सहीची ती तिन्ही पत्रं आमच्याच दारातल्या पेटीत पडली होती. घरात त्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

मी फाइल घेऊन लोकपालबाईंकडे गेले. या निवृत्त न्यायाधीश. समोरच्याने तोंड उघडायच्या आधी त्याचा दोष त्यांना माहीत असतो.

"या प्रकरणात आता तुम्ही अधिकारी नाही, वारस आहात," त्या म्हणाल्या. "वारसाचा फॉर्म भरा. नीट वाचून भरा."

मी भरला. कारकुनाने तो दोनदा परत केला. बारा वर्षं माझ्या हाताखाली शिकलेला माणूस तो.

सुनावणीला पालिकेचे उपअभियंता आले. सोबत त्यांनी पुरावा म्हणून रंगकामाची नोंदवही आणली होती.

"बाक नव्हता, असं तुमचं पत्र आहे," बाई म्हणाल्या.

"हो."

"आणि या वहीत त्याच बाकाला वर्षातून दोनदा रंग दिल्याची नोंद आहे. मागच्या महिन्यातसुद्धा."

उपअभियंत्यांनी वही उलटी करून पाहिली. "ते रंग खातं वेगळं आहे, मॅडम."

"नसलेल्या बाकाला कोणता रंग दिलात?"

"निळा," ते प्रामाणिकपणे म्हणाले.

निकाल आमच्या बाजूने लागला. आदेशाचा मसुदा कारकुनाने केला, म्हणजे जुना काढून त्यातला एक शब्द बदलला. जुना मसुदा माझाच होता, घरोघरच्या कचऱ्याच्या डब्यांसाठी केलेला. 'तक्रारदारास त्याच्या पत्त्यावर डबा पोहोचता करावा, समक्ष दिलगिरी व्यक्त करावी व पोच घ्यावी.' डब्याच्या जागी बाक आला. खाली लोकपालबाईंची सही पडली. त्यांच्याकडेही पत्रं पत्त्यांसारखीच लावून ठेवतात.

रविवारी सकाळी दारावरची घंटा वाजली. उपअभियंता हाश्शहुश्श करत उभे होते. त्यांच्यामागे दोन मजूर आणि सहा फुटी लोखंडी बाक. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे.

"कुठे ठेवू?" एका मजुराने विचारलं.

"चढावर," मी म्हणाले.

"आदेशात पत्ता हाच आहे, मॅडम." उपअभियंत्यांनी कागद पुढे केला. मी तो पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला. पत्ता हाच होता. मग मी माझ्या अधिकारात नसलेलं एक वाक्य उच्चारलं की, आदेश चुकीचा आहे, उद्या दुरुस्त करून देते, बाक कृपा करून चढावर न्या.

मजुरांनी बाक उचलला आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो जिन्यात तिरका अडकला. वर येताना कसा वळवला होता, यावर त्या दोघांचं एकमत होईना. खालच्या काकू भाजी घेऊन वर येत होत्या. त्या थोडा वेळ थांबल्या, मग अडकलेल्या बाकाच्या त्यांच्याकडच्या टोकावर टेकल्या.

"बसायला बरा आहे हो," त्यांनी खालून कळवलं. "निळा छान दिसतो."

उपअभियंता वर माझ्याकडे अडकले. मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी खिशातून दिलगिरीचं पत्र काढलं.

"साहेबांना बोलावता? समक्ष वाचायचंय."

"ते नाहीत."

"किती वाजता येतील?"

मी सांगितलं. ते उठून उभे राहिले. फाइल त्यांनीही वाचलेली नव्हती.

"माफ करा," ते म्हणाले. बराच वेळ कागदाची घडी घालत आणि उलगडत राहिले. "पण पोचेशिवाय माझी फाइल बंद होत नाही. वाचू का? साहेब कुठे बसायचे?"

मी खिडकीजवळच्या खुर्चीकडे बोट केलं. ते खुर्चीसमोर गेले, शर्ट नीट केला आणि खड्या आवाजात वाचलं, "आपण वारंवार कळवूनही आपल्या म्हणण्याकडे लक्ष दिले गेले नाही, याबद्दल पालिका मनापासून दिलगीर आहे." जिन्यातून मजुरांचा आवाज येत होता, "तू सोड, मी धरतो."

"आता तक्रारदाराचं म्हणणं," त्यांनी पेन उघडलं. "वारस म्हणून तुम्ही सांगा. दोन ओळींची जागा आहे."

काही म्हणणं नाही, असं सांगणार होते. बहुतेक लोक तेच सांगतात. पण इतक्या वर्षांत त्या खुर्चीसमोर उभं राहून कोणी माफी मागितल्याचं मी पहिल्यांदाच बघत होते, आणि तो मान पालिकेने घ्यावा, हे मला बरं वाटेना.

"बाबा," मी म्हणाले, "मी तुमची पत्रं वाचली नव्हती. एकही नाही. वाचते म्हणाले, ते खोटं होतं. तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही मला सांभाळून घेतलंत. मी चुकले."

उपअभियंत्यांचं पेन 'पत्रं'पाशी थांबलं होतं.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "यात बाकाचा उल्लेख आला नाही."