मुली, नग अकरा

ज्याला दुसऱ्याला गाठ मारायला शिकवायचे आहे, त्याला स्वतःला गाठ मारता आली पाहिजे. या तत्त्वाला कुणाची हरकत असू नये, आणि ताडपत्रीवाल्या काकूंचीही नव्हती. मंडळाचे पत्र आले तेव्हा त्यांनी ते सुनेकडून दोनदा वाचून घेतले आणि "रास्त आहे" असे म्हणून डब्याखाली ठेवले.

पत्रात म्हटले होते की मुलामुलींची स्काउट पथके चालवणाऱ्या सर्व प्रौढ स्वयंसेवकांनी मूलभूत प्रशिक्षणाचा दाखला घ्यावा. दाखला नसलेल्या प्रमुखाला यापुढे पथक शिबिराला नेता येणार नाही.

काकूंनी चाळीस वर्षे ट्रकच्या ताडपत्र्या शिवल्या होत्या आणि भरल्या मालावर बांधूनही दिल्या होत्या. त्यांची गाठ दोन गावे ओलांडली तरी सैल पडत नसे. माल उतरवताना ट्रकवाले घाम पुसत म्हणत, "ही गाठ आहे का लग्न?" आणि गेली एकोणीस वर्षे दर शनिवारी कारखान्यामागच्या अंगणात त्या मुलींचे पथक चालवत होत्या. सध्या मुली अकरा होत्या. सुट्टीत तळ्याकाठी तीन दिवसांचे शिबिर ठरले होते. आधीची दोन शिबिरे काही ना काही कारणाने बुडाली होती, आणि सुट्टीनंतर अकरांतल्या सहाजणी तेरा वर्षांच्या होऊन पथकाबाहेर जाणार होत्या. म्हणजे जायचे तर आत्ताच.

"काकू, या खेपेला नक्की ना?" सहांतल्या एकीने विचारले. तिला सगळे खार म्हणत, कारण ती झाडावर तरी असे नाहीतर बोलत तरी असे.

"माझ्या जिवात जीव आहे तोवर नक्की," काकू म्हणाल्या. हे बोलण्याआधी त्यांनी मंडळाला विचारले नव्हते.

प्रशिक्षण एका शाळेच्या वर्गात होते. बाक सात वर्षांच्या मुलांच्या मापाचे, प्रशिक्षणार्थी सोळा, त्यातल्या बहुतेकांचे गुडघे दुखणारे. प्रशिक्षक तिशीचा, नीटनेटका, कपड्यांना कडक इस्त्री. त्याने उभ्या जन्मात तंबू फक्त चित्रात पाहिला होता. पण चित्र बरेच मोठे होते. पहिल्या दिवशी प्रशिक्षणाची ओळख झाली. दुसऱ्या दिवशी ओळखीची उजळणी झाली. तिसऱ्या दिवशी दोरीचा एकेक तुकडा वाटण्यात आला आणि दोरी या वस्तूविषयी दोन तास माहिती देण्यात आली.

आता काकूंच्या हातात दोरी दिली आणि हात गप्प बसले, असे कधी झाले नव्हते. बोलणे ऐकता ऐकता त्यांनी बाक खिडकीच्या गजाला बांधून टाकला.

"काकू, हे काय?"

"गाठ."

"ती सोडा. गाठ नवव्या घटकात आहे. आपण दुसऱ्या घटकात आहोत."

"अरे बाळा, पण मला येते."

"तेच तर अवघड आहे," प्रशिक्षक कळवळून म्हणाला. "न शिकता येते, म्हणजे चुकीची येते असं आम्हाला धरावं लागतं."

उरलेल्या पंधराजणांनी आणि शिपायाने प्रयत्न केला. गाठ सुटली नाही. काकूंनी एका चिमटीत सोडली असती. पण गाठ सोडणे दहाव्या घटकात होते. शेवटी बाक तिथेच राहिला आणि वर्ग शेजारच्या खोलीत हलवण्यात आला. नोंदवहीत कारण लिहिले गेले : 'अनधिकृत कौशल्य.'

पुढे प्रात्यक्षिके आली. मुलांना कसे सांभाळावे हे शिकायचे तर मुले हवीत, एवढे काकूंना कळत होते. "माझ्या अकराजणी शनिवारी मोकळ्याच असतात, घेऊन येते," त्या म्हणाल्या. प्रशिक्षकाने कान झाकायचेच बाकी ठेवले.

"अप्रशिक्षित व्यक्तीला मुलांवर सराव करता येत नाही."

"मग प्रशिक्षित होणार कसं?"

"मुलांशिवाय."

त्यासाठी नियमात 'बालकस्थानी प्रौढ' अशी सोय होती. सोळा चिठ्ठ्या टाकल्या. आठजण प्रमुख झाले, आठजण बालक. शाळेची बस तीस वर्षे चालवून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर प्रमुख झाले. काकूंच्या चिठ्ठीत 'बालक, वय दहा' असे निघाले. त्या दिवसापर्यंत त्या प्रशिक्षकाला बाळा म्हणत होत्या. त्या दिवसापासून त्याला त्यांना बाळ म्हणणे भाग पडले, आणि खरे सांगायचे तर ते त्याला पटकन जमले.

बालक म्हटले की पालकाचे संमतिपत्र आले. काकूंचे आईवडील जाऊन जमाना झाला होता. अशा वेळी 'घरातील सर्वांत जबाबदार प्रौढ व्यक्ती'ची सही चालते, असे नियम म्हणत होता. घरात तसे कुणी आहे असे काकूंना आजवर वाटले नव्हते. तरी त्यांनी फॉर्म थोरल्यापुढे ठेवला. अडले म्हणजे माणूस कुणाचेही पाय धरते, हा तर पोटचा मुलगा.

थोरल्याने चष्मा लावून फॉर्म दोन्ही बाजूंनी वाचला. "अंतिम परीक्षा तळ्याकाठी? आई, तुला पोहता येतं का?"

"तुला कुणी शिकवलं पोहायला?"

"तू."

"मग?"

"तेव्हाचं वेगळं होतं. तेव्हा फॉर्म नव्हता."

"सही कर मुकाट्यानं, नाहीतर कानाखाली काढीन."

"हे बघ," थोरला सुनेला म्हणाला, "इथं विचारलंय, बालक चिडखोर आहे काय. काय लिहू?" सून आतल्या खोलीत जाऊन हसली. थोरल्याने 'होय' लिहिले, थंड पाणी देऊ नये अशी पुरवणी जोडली आणि सही केली. त्याचा चेहरा त्या दिवशी असा खुलला होता, की बापाच्या पाठीमागे घराची सूत्रे हातात आली तेव्हाही खुलला नसेल. ती सूत्रे तेव्हा आली नव्हती, हा भाग वेगळा.

सराव सुरू झाला. ड्रायव्हरांनी शिट्टी वाजवली. काकू सरळ रेषेत उभ्या राहिल्या, सांगितले तेवढे केले आणि नापास झाल्या.

"बाळ, तू फार शहाण्यासारखी वागतेस," प्रशिक्षकाने समजावले. "बालक रडलं नाही, तर प्रमुखाला सांत्वनाचे गुण कसे मिळणार? ड्रायव्हरकाकांचं वर्ष जाईल तुझ्यामुळे."

काकू चाळीस वर्षांत रडल्या नव्हत्या. दाभण बोटातून आरपार गेले तेव्हाही "मेल्या" एवढेच म्हणाल्या होत्या, तेही दाभणाला. पण तळे डोळ्यांपुढे होते. त्यांनी अकरा मुलींना स्मरून भोकाड पसरले. ड्रायव्हर घाबरून आपणच रडायला लागले. दोघांचेही गुण कापले गेले. काकूंचे यासाठी, की रडताना त्यांनी प्रमुखाच्या डोळ्यांत पाहिले नाही.

पाच आठवड्यांत काकू तरबेज बालक झाल्या. डबा विसरू लागल्या, चहाडी करू लागल्या, बुटाचे बंद सोडून ठेवू लागल्या. अंतिम परीक्षेची तारीख लागली, आणि तेव्हा घोडे पेंड खायला बसले. परीक्षा शिबिरात होती. शिबिर तळ्याकाठी होते. तळ्याकाठी एका वेळी एकाच पथकाला जागा होती. आणि तारखा त्याच होत्या, ज्या मुलींना मिळाल्या होत्या.

"म्हणजे मुलींना नेता यावं म्हणून मी शिकले," काकू म्हणाल्या, "आणि मी शिकते म्हणून मुलींना जागा नाही?"

"बाळ... काकू," प्रशिक्षक ओशाळला. माणूस वाईट नव्हता. नोकरी करत होता इतकेच. त्याने तीन पुस्तके चाळली आणि चौथ्यात वाट काढली. शिबिरात माणसे ठरावीकच नेता येतात. साहित्य मात्र लागेल तेवढे नेता येते. दोरी, बादल्या, तंबू, फावडी. साहित्याची व्याख्या होती, 'प्रशिक्षणास उपयोगी पडणारी कोणतीही बाब.' मुली उपयोगी पडतात हे कुणी नाकारू शकत नव्हते.

यादीत बादल्यांच्या खाली ओळ चढली : 'मुली, नग अकरा, चालू स्थितीत.'

काकूंचा स्वाभिमान एरवी त्या कागदाचे बोळे करून समोरच्याच्या तोंडावर मारण्याएवढा होता. त्या दिवशी त्यांनी तो गिळला आणि सही ठोकली. मुलींना सांगितले तेव्हा मुली अंगणभर नाचल्या. "मी बादलीच्या वर का खाली?" खारीने विचारले. खाली असल्याचे कळल्यावरही तिची तक्रार नव्हती.

राहिली पालकांची ना-हरकत. तेवढ्यासाठी काकूंनी अंगणात सभा बोलावली. सगळे आईबाप आले, प्रशिक्षक वही घेऊन आला, खुर्च्या लावायला थोरला आला. काकूंना वाटले होते, पाच मिनिटांचे काम आहे.

"रात्री साहित्य ठेवणार कुठं?" एका वडिलांनी विचारले.

"तंबूत."

"तंबूला कुलूप असतं का?"

प्रशिक्षकाने वहीत लिहिले : तंबूस कुलूप.

"आणि आत असताना आग लागली तर?" दुसरे म्हणाले.

प्रशिक्षकाने लिहिले : तंबूस दोन दारे.

"दोन दारं म्हणजे वारा लागणार," एक आई म्हणाली. "आमची लगेच शिंकते."

"तळ्यात पाणी किती आहे?" मागून कुणीतरी विचारले.

"तळ्याइतकं," काकू म्हणाल्या.

"ते कमी करता येईल का? फक्त तीन दिवस?"

प्रशिक्षकाने तेही लिहिले. खारीची आई सर्वांत शेवटी उठली. "माझा काकूंवर पूर्ण विश्वास आहे हं. पण एक अर्ज देऊन ठेवते. म्हणजे उद्या काही झालंच, तर आपण आधी सांगितलं होतं, असं राहील."

इतर दहा घरांनाही हे पटले. अकरा अर्ज जमा झाले. प्रशिक्षकाने वही मिटली आणि खाली बघून सांगितले की सूचना आली की तिचा नियम होतो, नियम झाला की त्याचे प्रशिक्षण होते. अकरा नियमांचे प्रशिक्षण चौदा दिवसांचे होईल. शिबिर नऊ दिवसांवर होते.

काकूंचा पारा चढला. "कुणाच्या टाळक्यातनं निघालं रे हे सगळं? आणा त्याला माझ्यापुढं! कोण बसलंय तिथं वर?"

"वर कुणीच बसत नाही, काकू," प्रशिक्षक म्हणाला. "खालूनच येतं." त्याने पिशवीतून नियमांची जाड फाइल काढली. दोनशे चौदा नियम होते, आणि प्रत्येकाच्या मागे तो ज्या पत्रामुळे झाला ते पत्र टाचलेले होते. त्याने पहिलेच पान उघडून दिले.

नियम एक : शिबिरार्थीचे पाय कोरडे ठेवण्याची जबाबदारी प्रशिक्षित व्यक्तीवर राहील. मागे पिवळा पडलेला कागद होता. त्यावर वेड्यावाकड्या मोठ्या अक्षरांत लिहिले होते : 'माझा मुलगा शिबिरातून ओल्या मोज्यांनी घरी आला. याला जबाबदार कोण? उत्तर द्या.'

काकूंनी कागद लांब धरला, मग जवळ धरला. अक्षर दोन्हीकडून त्यांचेच होते.

"सर्दी झाली होती त्याला," त्या म्हणाल्या.

"दोन दिवसांत गेली होती, आई," खुर्च्या उचलता उचलता थोरला म्हणाला.

सभा संपली. साहित्याच्या यादीतून अकरा नग वगळण्यात आले, बादल्या गेल्या. काकूही गेल्या, कारण न गेल्या तर पाच आठवडे पाण्यात, आणि दाखल्याशिवाय उरलेल्या पाचजणींचेही शिबिर कायमचे बंद. शिबिराच्या पहिल्याच दिवशी तळ्यावर वारा सुटला. तंबू बांधणे प्रमुखांचे काम होते, आणि काकू बालक होत्या. त्या नियमाप्रमाणे हात मागे बांधून उभ्या राहिल्या, आणि मोठा तंबू पाखरासारखा उडून तळ्यात पडताना त्यांनी पाहिला. प्रशिक्षकानेही पाहिला. खरा तंबू त्याने पहिल्यांदाच बघितला, तो असा. काकूंना 'उत्कृष्ट बालक' पदक मिळाले आणि दोन महिन्यांनी दाखलाही आला.

त्या शनिवारी खार अंगणात आली. झाडावर चढली नाही. "काकू, मग आता पुढच्या वर्षी?"

"आता तू तेराची," काकू म्हणाल्या. त्यांच्या उभ्या आयुष्यात इतके कोरडे उत्तर त्यांनी कुणाला दिले नव्हते.

खार गेली. उरलेल्या पाचजणींच्या आईबापांनी नव्या अकरा नियमांचे प्रशिक्षण संपेपर्यंत थांबायचे ठरवले आहे. ते संपत आले की नवी सूचना येते. पथकाचे अंगण तूर्त मोकळे असते, आणि समोरून जाणारी कर्ती माणसे थांबून एकमेकांना सांगतात, की हल्लीच्या मुलांना बाहेर खेळायलाच नको, सारखी घरात.

यावर आपले काही म्हणणे असल्यास मंडळाकडे छापील फॉर्म मिळतो. नाव, पत्ता, तक्रार, आणि 'याला जबाबदार कोण' असे चार रकाने आहेत. शेवटच्या रकान्यात जागा भरपूर ठेवली आहे. 'शनिवारी मी स्वतः येईन' असा पाचवा रकाना छापायला मंडळाची काहीच हरकत नव्हती. तो आजवर कुणी मागितला नाही. तुम्हीही फॉर्म नेलात तेव्हा मागितला नव्हता.