जावयाचा पुदिना

मनात आणलं तर आपण कुठल्याही माणसाला एका जेवणात खिशात घालू, अशी क्लाइव्ह टोझरची ख्याती होती. निदान त्याच्या स्वतःच्या मते तरी होती! बायको गेल्यापासून तो इंग्लंडच्या दक्षिणेला, डेव्हनमधल्या एका खेड्यात एकटाच राहायचा आणि पुस्तकात बघून स्वयंपाक शिकला होता. आता मुलगी ब्रायोनी होणाऱ्या नवऱ्याला घेऊन दर रविवारी जेवायला येणार होती. हा कर्टिस पार उत्तरेतल्या बोल्टनचा. लग्नानंतर त्याने पोरीला तिकडे नेलं की क्लाइव्हचे रविवार संपले. तेव्हा जावयाला इथल्या जेवणाची चटक लावायची, असा बेत ठरला.

पहिल्या रविवारी भाजलेलं मटण, बटाटे, वाटाणे आणि बाजूला वाटीभर पुदिन्याची चटणी. कर्टिसने पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "मिंट!"

आता बोल्टनकडे जे जे झकास ते ते मिंट. गोल झाला तरी मिंट, नवे बूट घेतले तरी मिंट. डेव्हनमध्ये मात्र मिंट म्हणजे पुदिना. कर्टिसने चटणीच्या वाटीला बोटसुद्धा लावलं नव्हतं, पण क्लाइव्हचं तिकडे लक्ष कुठे! त्याला जावयाची नस सापडली होती.

दुसऱ्या रविवारी पुदिना बटाट्यांत आणि वाटाण्यांत शिरला. तिसऱ्या रविवारी ग्रेव्हीत. चौथ्या रविवारी सफरचंदाच्या पुडिंगवर हिरवंगार कस्टर्ड आलं. कर्टिस बिचारा पाण्याच्या घोटाबरोबर घास ढकलायचा आणि शेवटी रीत म्हणून 'मिंट' म्हणायचा. क्लाइव्हचा हुरूप दुणावायचा. परतताना गाडीत ब्रायोनी म्हणायची, आई गेल्यापासून बाबांच्या जिभेची चवच गेलीय, आपण काही बोलायचं नाही.

बाजारातल्या जुड्या पुरेनात, तेव्हा क्लाइव्हने गावच्या प्रदर्शनात तीनदा पहिला नंबर काढलेल्या डेलियाच्या फुलांचा वाफा उपटला आणि तिथे पुदिना लावला. पुदिना म्हणजे बोट दिलं की मनगट धरणारी जात. दोन महिन्यांत तो कुंपणाखालून शेजारच्या मिसेस पूकच्या हिरवळीत घुसला, आणि तिने क्लाइव्हशी बोलणं टाकलं.

एका रविवारी क्लाइव्हने कौतुकाने आपली जुनी मॉरिस गाडी दाखवायला काढली. साठ वर्षांची गाडी, पण अंगावर ओरखडा नाही. कर्टिस भान विसरून म्हणाला, "एकदम मिंट आहे हो!"

क्लाइव्हने दार उघडलं, सीटवर नाक टेकवलं आणि चांगला दोनदा हुंगलं. "इथेही येतोय वास?"

"कसला?"

"पुदिन्याचा!"

मग सगळा उलगडा झाला. हसून हसून ब्रायोनी खालीच बसली. क्लाइव्हला मात्र हसू येईना.

"म्हणजे तुला पुदिना आवडत नाही?"

"लहानपणापासून नाही, मिस्टर टोझर."

"मग एवढे दिवस खाल्लास कशाला?"

"तुम्ही इतक्या प्रेमाने वाढत होतात."

क्लाइव्हने गाडीच्या टपावरून उगाच हात फिरवला. "मला वाटलं, पुदिना आहे तोवर तू पोरीला घेऊन येत राहशील."

कर्टिस गोरामोरा झाला. "आम्ही तर इथलंच घर बघितलंय. मिसेस पूकच्या पलीकडचं. दर रविवारी जेवण झाल्यावर सांगायचं ठरवत होतो, पण जेवणानंतर तोंड उघडायची हिंमत व्हायची नाही."

मे महिन्यात लग्न झालं. क्लाइव्हने चार पानी भाषण लिहून आणलं होतं. तो उभा राहिला. आईचा गळ्यातला हार घालून बसलेल्या लेकीकडे त्याने पाहिलं, आणि चारही पानं डोक्यातून पुसली गेली. प्याला उंचावून तो एवढंच म्हणाला, "मिंट!"

बोल्टनच्या मंडळींनी टाळ्यांनी हॉल डोक्यावर घेतला. डेव्हनची मंडळी मात्र टेबलावर चटणीची वाटी शोधायला लागली, आणि मिसेस पूकने हळूच वाकून आपल्या खुर्चीखाली बघून घेतलं.