सातातून चार

माझं अक्षर वाईट आहे, आणि कुठली वेलांटी कुठं द्यायची ते मला शाळेत असतानाही नीट कळत नव्हतं. चौथीनंतर तर शाळाच सुटली. तेव्हा हे कागद कोणाच्या हाती लागलेच, तर चुकलेलं सुधारून वाचावं आणि मला काही विचारू नये. मला कोणी विचारलं की मी गप्प होते. ज्यांच्याबद्दल लिहायला बसले ते मात्र कधी गप्प बसले नाहीत. तरी एका घरात राहून वर्षानुवर्षं माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. ते शेळीशी बोलायचे.

ते माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडे भावजयीनं भासऱ्यांशी बोलायचं नसतं, त्यांचं नाव घ्यायचं नसतं, त्यांच्या अंगावर आपली सावलीसुद्धा पाडायची नसते. छप्पन साली आमच्या अमरावतीच्या वस्तीनं दीक्षा घेतली, घरातले जुने देव गेले, पण सासूबाईंनी ही एक रीत काही सोडली नाही. घर दोन खोल्यांचं. न बोलता कसं चालणार? म्हणून दारात बांधलेली चंपी शेळी मध्ये आली.

"चंपे," भासरे भाकरीचा तुकडा मोडत म्हणायचे, "आज मीठ महाग झालं काय वं? वरणात काही लागून नाही राहिलं."

"चंपे," मी चुलीपुढून पदर सावरत म्हणायची, "काल जास्त झालं म्हणून कोण ओरडलं होतं, ते विचार."

चंपी एकदा इकडे बघायची, एकदा तिकडे, आणि शेवटी भासऱ्यांच्या धोतराचं टोक चघळायला लागायची. त्या घरात सगळ्यांचं ऐकून घेणारी ती एकटीच होती.

वस्ती त्यांना 'मनिला' म्हणायची. लढाई संपल्यावर ते मुंबईला गेले आणि एका जहाजावर कोळसा टाकायच्या कामाला लागले. ते जहाज फिलिपाईन्स नावाच्या देशात, मनिलाच्या बंदरात बिघडलं आणि दुरुस्तीसाठी बरेच महिने तिथंच पडून राहिलं. तिथं भासऱ्यांनी बास्केटबॉल पाहिला. माणसाला दारूचं व्यसन लागतं, पत्त्याचं लागतं. ह्यांना चेंडू टाकायच्या कड्याचं लागलं.

"नारळाच्या झाडाले कडं, कसायाच्या दुकानावर कडं, शाळेच्या भिंतीले कडं," ते सांगायचे. "आन् मोठमोठ्या कंपन्यांच्या टीमी. खेळाडूले पगार! खेळाचा पगार!"

"मंग काम केलं त दंड घेतात काय रे तिथं?" सासूबाई विचारायच्या.

पण पगारापेक्षाही त्यांच्या डोक्यात बसली होती ती तिथली रीत. अजिंक्यपद एका सामन्यात ठरत नाही. त्याच दोन टीमी सात वेळा भिडतात, आणि चार सामने आधी जिंकेल तो खरा.

"आपल्या इथं कुस्तीत एकदा पाठ लागली का खलास," ते वस्तीतल्या पोट्ट्यांना सांगायचे. "तिथं तसं नाही. आज हारला, उद्या पुन्हा ये. एका दिवसात माणसाले मोजत नाहीत, लेकहो. सातातून चार!"

हे 'सातातून चार' त्यांनी सगळ्या जगाला लावलं. भाजीवाल्यानं वांग्याचा भाव कमी केला नाही तर "एक झाला" म्हणून बाजाराला चक्कर मारून परत त्याच्याचकडे जायचे. तो कंटाळून चौथ्या खेपेला वांगी देऊन टाकायचा. माझा मोठा मुलगा गणितात नापास झाला तेव्हा नवऱ्यानं पट्टा काढला. भासरे दारात आडवे उभे राहिले. "एक हारला. अजून तीन हारायची त्याले परवानगी आहे. मंग मार." मुलगा पुढच्या वर्षी पास झाला, पण मधलं वर्षभर त्यानं घरात फार तोरा मिरवला.

लग्नाच्या बाबतीत मात्र हा नियम त्यांच्यावरच उलटला. तीन ठिकाणी मुलगी पाहिली, तिन्ही ठिकाणी समुद्रावर गेलेला माणूस नको म्हणाले. सासूबाई रडायच्या, हे म्हणायचे, "अजून आहे ना माय." बाळापूरचं चौथं स्थळही नाही म्हणालं. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी टोपी खुंटीला लावली. "चार हारलो. मालिका संपली," म्हणाले, आणि पाचवं स्थळ कधीच पाहिलं नाही. सासूबाई म्हणायच्या, त्याच्या मेल्या खेळात आठवा डाव राहता तर काय बिघडत होतं?

आणखी एक खोड होती. वस्तीच्या तोंडाशी कासाबाई नावाची म्हातारी भुईमुगाच्या भाजलेल्या शेंगा विकायची. भासरे रोज शेंगा घ्यायचे, पण पैसे आधी तिच्या हातावर ठेवल्याशिवाय पुडीला हात लावायचे नाहीत. "पळून चालला काय रे बाबू? मंग दे ना," ती म्हणायची. ते मान हलवायचे. बाकी किराणा सगळा उधारीवर यायचा, एक शेंगाच तेवढ्या रोखीच्या.

ते जिनिंग-प्रेसमध्ये फिटरच्या हाताखाली होते. कापसाच्या गाठी आवळायला लोखंडी पट्टी असते ना, तिचंच एक कडं वाकवून त्यांनी वस्तीच्या मैदानावर निंबाला ठोकलं. समोर बल्ली रोवून दुसरं. चेंडू बाजारातून आणलेला जुनाच, टाके उसवलेला. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात पाय धरते, म्हणून पोट्ट्यांकडून मुरूम वाहून आणला, धुमसानं ठोकून घेतला. पोट्टे अनवाणी खेळायचे. बायका पाणी भरायला जाताना म्हणायच्या, बरं झालं, निदान पत्ते तरी सुटले.

मग ते अकोल्याला गेले. तिथं एक मोठा क्लब होता. त्याचे चिटणीस एक वकीलसाहेब होते. ह्यांनी त्यांच्याकडे जाऊन सामना मागितला. वकीलसाहेबांना गंमत वाटली असावी, त्यांनी हो म्हटलं. आमचे पोट्टे पॅसेंजरनं अकोल्याला गेले, सिमेंटच्या मैदानावर पाय भाजून घेतले आणि सपाटून हरले. हे मला नवऱ्यानं सांगितलं, तोही गेला होता.

सामना संपल्यावर वकीलसाहेब म्हणाले, "छान. हौस झाली ना तुमची?"

"एक झाला," भासरे म्हणाले. "सातातून चार. एक तुमच्या घरी, एक आमच्या घरी, असे पाळीपाळीनं. आता दुसरा आमच्या घरी."

वकीलसाहेबांनी विचारलं, "तुमच्या घरी म्हणजे कुठं?"

भासऱ्यांनी वस्तीचं नाव सांगितलं. वकीलसाहेब चष्मा पुसायला लागले. आमच्या वस्तीत मत मागायला लोक यायचे, बिगारीला माणसं शोधायला यायचे. खेळायला, पाहुणे म्हणून, कोणी आलं नव्हतं. तेवढ्यात त्यांचा उंच कप्तान टॉवेलनं मान पुसत म्हणाला, "येऊ ना. कायले नाही?"

वकीलसाहेब म्हणाले, "बघू."

त्या 'बघू'वर आमची वस्ती हसली. प्रेसमधले लोक वाट अडवून विचारायचे, "काय गा मनिला, येऊन राहिले काय तुह्ये सोयरे? पानी कोन्या भांड्यात देशीन?" ते छाती काढून म्हणायचे, "माह्याच भांड्यात." पण घरी आले की चंपीच्या पाठीवरून उगाच हात फिरवत बसायचे. तेव्हा मला कळलं की सात सामने कशाला पाहिजे होते. एक सामना झाला असता तर आम्हीच जाऊन आलो असतो. सात म्हटले म्हणजे त्यांना यावंच लागणार होतं.

भासऱ्यांनी अकोल्याला कार्ड टाकून कळवलेला रविवार उजाडला. वस्तीतल्या बायकांना कोणी काही सांगितलं नव्हतं. पण पाहुणे येणार म्हटल्यावर अंगण तसंच कसं ठेवायचं? आम्ही पहाटेच सगळं मैदान शेणानं सारवलं. चुना मिळाला नव्हता, म्हणून खेळाच्या रेघा रांगोळीनं काढल्या. मधल्या गोलात माझ्या चुलत जावेनं मोठं कमळ काढलं, आणि कमळ काढल्यावर चारी कोपऱ्यांत वेली आल्याच.

भासऱ्यांनी पाहून डोक्याला हात लावला. "चंपे, हे काय मैदान आहे का हळदीकुंकू?"

"चंपे," मी म्हटलं, "मनिलात सारवत नसतील, त्याला आम्ही काय करणार?"

बडनेऱ्याहून गाडी आली. कोणी उतरलं नाही. ऊन चढलं. लोक हसायला लागले, एकेक करून उठायला लागले. भासरे निंबाखाली उभे होते. पोट्ट्यांनी बसायला पाहिलं तर ओरडले, "उभे रहा! टीम उभी राहते! पाहुणा उशिरा आला म्हणून घरवाला झोपते काय?" आवाज मोठा होता, पण हात चेंडूचे टाके चाचपत होते.

आणि मग टांगे आले. बडनेऱ्याला गाडी बदलताना त्यांची इकडची गाडी चुकली होती. वकीलसाहेबही होते, बरोबर स्वतःची सुरई होती. पोरं पांढऱ्या कापडी बुटांत उड्या मारत उतरली आणि मैदानाच्या काठावर येऊन थबकली. सारवलेलं, रांगोळी काढलेलं, मध्ये कमळ. कप्तानानं एकदा खाली पाहिलं, एकदा आम्हा बायकांकडे पाहिलं. मग तो वाकला आणि त्यानं बूट काढले. त्याला पाहून बाकीच्यांनीही काढले. घरात शिरताना काढतात तसे, एका ओळीत लावून ठेवले.

"अहो, हे खेळाचं आहे, घाला बूट," असं आमच्यातलं कोणी म्हणालं नाही. भासरे म्हणू शकले असते. तेही नाही म्हणाले.

बूटवाले अनवाणी झाल्यावर काय होणार! मुरुमाचे खडे टोचले की ते एका पायावर नाचायचे. आमचे पोट्टे तर जन्मापासून तसेच. रांगोळी सगळ्यांच्या तळव्यांना लागून पहिल्या अर्ध्यातच रेघा गेल्या, मग चेंडू आत होता की बाहेर ह्यावर रेफ्रीपेक्षा आमच्या सासूबाई जास्त बोलल्या. आम्ही जिंकलो. वस्तीनं असा आरडाओरडा केला की चंपी दावं तोडून मैदानात आली.

खरी वेळ तर पुढंच होती. अकोल्याची पोरं घामानं निथळत निंबाखाली बसली. मी घासून लख्ख केलेले पितळी पेले आणि पाण्याची घागर ठेवलेली. आता फक्त विचारायचं होतं. सगळी वस्ती भासऱ्यांकडे बघत होती, आणि तो दांडग्या आवाजाचा माणूस तोंड उघडून मिटत होता. वकीलसाहेबांचा हात सुरईवर गेला होता.

भासऱ्यांनी मान वळवली.

"चंपे," ते म्हणाले, आणि आवाज त्यांचा नव्हताच, "पाहुण्याइले विचार वं, पानी घेतात काय."

कोणी हसलं नाही. त्या कप्तानानं शेळीकडे पाहिलं, भासऱ्यांकडे पाहिलं. आणि चंपीचा कान धरून म्हणाला, "चंपे, सांग त्याइले, दोन गिलास लागतीन. एकानं काय होते?"

तेव्हा हसली वस्ती. पेले मी नेले. नेताना माझी सावली भासऱ्यांच्या अंगावर पडली, ती सासूबाईंनी पाहिली आणि पाहिली नाही असं केलं. पोरं पाणी प्याली, कासाबाईनं शेंगांची पाटीच पुढं केली. शेवटी वकीलसाहेबांनीही सुरई टांग्यातच ठेवली आणि चहा घेतला. साखर कमी होती म्हणाले. म्हणोत.

ती मालिका दोन हिवाळे चालली. आम्ही अकोल्याला जाऊन एकदा जिंकलोसुद्धा. पण ती पोरं हुशार. पुढच्या खेपांना घरून अनवाणी सराव करून येऊ लागली, आणि बूट मात्र प्रत्येक वेळी काठावर काढू लागली. सहाव्या सामन्यात, आमच्याच मैदानावर, आम्ही चौथ्यांदा हरलो. भासऱ्यांनी गूळ वाटला.

"हारले अन् गूळ?" कोणीतरी टोमणा मारला.

"ते जिंकले चार डाव," भासरे म्हणाले, "पण आले तीन डाव. आपल्या घरी. पानी पेले. आता सांग, कोन हारलं?"

पाहुणे गेल्यावर ते ओट्यावर बसले. मी पेले घासत होते. चंपी चरायला गेली होती, आणि ते मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं.

"मनिलातला सातवा सामना मी पाह्यला नाही," ते निंबाकडे बघत म्हणाले.

मी घासायची थांबले. मनिलातली त्यांची लाडकी निळी टीम, तीन सामने हरूनही, सातव्यात कशी जिंकली ते आम्ही शंभरदा ऐकलं होतं. आकडे दर वेळी वेगळे असायचे, पण जिंकायची ती ठरलेलीच.

"तिथं एक म्हातारी शेंगा इकत होती. तिची ती टीम. मी तहानलेला होतो, तिनं आपल्या गिलासातलं पानी मले देलं. गाव इचारलं नाही, कोन आहेस इचारलं नाही. रोज तिच्या बाजूले बसून ओरडलो मी. सहाव्या सामन्याले माह्याजवळ पैसे नव्हते, तिनं शेंगा देल्या. म्हने उद्या दे. तिच्यासाठी पैसे काढून ठेवले, अन् सातव्याच्या सकाळीच जहाज निघालं."

मी पदर पुढं ओढला. आणि मग त्यांच्याशी, शेळीशी नाही, बोलले. आयुष्यात पहिल्यांदा.

"मग जिंकली का ती टीम, दादा?"

ते जरा दचकले. मग मान ताठ केली.

"हारली असं मले आजपर्यंत कोनी सांगितलं नाही."

ते उठले, आत जाऊन डब्यातून काहीतरी घेऊन आले आणि वस्तीच्या तोंडाशी गेले. मी दारातून बघत होते. कासाबाई पाटी आवरत होती. त्यांनी तिच्या शेंगांचे पैसे दिले आणि त्यावर आणखी एक नाणं ठेवलं.

तिनं ते उन्हात धरून पाहिलं. "हे काय रे बाबू? हे आपल्या इथं चालत नाही."

"चालवू नको. ठेव. एका बाईचं द्याचं राह्यलं होतं. ते पन शेंगाच इके."

कासाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. जास्त काही विचारलं नाही. नाणं कनवटीला खोचलं, गाठ मारली, आणि गिऱ्हाइकाला सांगतात तसं स्वच्छ सांगितलं:

"पोचले, बाबू. आता काही बाकी नाही."