कौसाबाईंची कात्री

१५ एप्रिल, बुधवार. माझ्या हातातलं काम होतं घोंगडं गच्चीवर वाळत घालण्याचं, तेही तिसऱ्यांदा धुऊन. खाली अंगणात त्या घोंगड्याची मालकीण, कौसाबाई, एका नव्या पालकाच्या शर्टाची कॉलर उलटी करून लेबल कापत होत्या. माणूस बँकेतला मोठा साहेब. "हला नका," एवढंच बाई म्हणाल्या, आणि तो हलला नाही.

मुकुंदवाडीत स्टेशनाजवळ आमचं छोटं केंद्र आहे. स्वमग्नता आणि तशाच इतर अडचणी असलेली मुलं रोज येतात. कुणाला ट्यूबलाइटची घरघर सोसत नाही, कुणाच्या जिभेला डाळीतली मोहरी लागली की जेवण संपलं. केंद्र मी सांभाळते. कौसाबाई चार वर्षांपूर्वी मदतनीस म्हणून आल्या. मूळच्या देवगाव रंगारीकडच्या, माहेर-सासर दोन्ही मेंढरं राखणारं. पहिल्याच आठवड्यात आमच्या थेरपिस्टनं त्यांना सांगितलं, की कपड्याचं लेबल काही मुलांना काट्यासारखं टोचतं. त्या दुपारी बाई जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आल्या त्या कमरेच्या बटव्यात बोथट टोकाची कात्री घेऊनच.

तेव्हापासून केंद्रात लेबल औषधालाही उरलेलं नाही. मुलांचे कपडे झाले, पालकांचे झाले, मग टॉवेल, उशा, पडदे. एका आईनं साइज बदलायला पिशवीत ठेवलेला कोरा फ्रॉकही सुटला नाही. दुकानदारानं तो परत घेतला नाही, ती भांडायला आली. "आधी टोचनी काढायची, मंग शिकवायचं," कौसाबाई म्हणाल्या आणि तिच्याच ओढणीची कड तपासू लागल्या. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक एका मुलाला सोसेना म्हणून त्यांनी सेल काढून टाकले. आता स्टेशनात गाडी शिरण्याआधी "आली गं बाय" म्हणत त्या मुलांच्या कानांवर हेडफोन चढवत फिरतात, त्यावरून आम्हाला वेळ कळते.

माझ्या मानेला मात्र मी चार वर्षांत हात लावू दिला नव्हता. माझ्या कुर्त्यांची लेबलं मला टोचत नाहीत.

"तुमाला नाय कळायचं, म्याडम," त्या म्हणत. "मानंला इचारा."

घोंगड्याचं असं झालं. सात वर्षांची इरा डब्यासमोर बसली की अंग ताठ करून किंचाळायची. जड काहीतरी खांद्यावर दिलं तर शांत होईल, असं थेरपिस्टला वाटत होतं. कौसाबाईंनी घरून घोंगडं आणलं आणि इराला हवं तेव्हा झटकून टाकता येईल अशा बेतानं तिच्या खांद्यांभोवती लपेटलं. "कातरताना मेंढरू सैल धरलं की उधळतंय. नीट धरलं की गप." इरा गप झाली. पुढे दोन महिने ती त्या घोंगड्यात बसून रोज जेवली.

घोंगड्याला धुराचा, लोकरीचा, माणसांचा वास. मी व्यवहारी बाई. न विचारता रविवारी ते घरी नेलं, मशीनमध्ये टाकलं आणि वर गुलाबाच्या वासाचं लिक्विड टोपणभर ओतलं.

सोमवारी इरानं घोंगडं हुंगलं आणि फेकून दिलं. डबा तसाच. मंगळवारीही तसाच. घरी फक्त पाणी आणि दोन बिस्किटं. मी साध्या पाण्यानं धुतलं, उन्हात टाकलं, परत धुतलं. गुलाब जाईना. बुधवारी तिच्या आईचा फोन आला, "मॅडम, डॉक्टर म्हणतात, उद्या दुपारपर्यंत बघू. नाहीतर सलाइन." जिला लेबल सोसत नाही, तिला सुई!

संध्याकाळी कौसाबाईंनी गच्चीवरून घोंगडं काढलं. "आजच्या दिस माझ्याकडं राहू द्या," एवढंच म्हणाल्या.

गुरुवारी आल्या तेव्हा डोळे तांबारलेले, गळ्यावर घामोळ्या. घोंगडं चुलीच्या धुरावर धरलं होतं, शेजारणीच्या शेळ्यांत अंथरलं होतं, आणि मग भर एप्रिलमध्ये पत्र्याच्या खोलीत पंखा बंद करून बाई स्वतः ते पांघरून झोपल्या होत्या.

दुपारी मी दाराआड उभी राहिले. इरानं हुंगलं. थांबली. कोपरा गालाला लावला, परत हुंगलं. गाडी आली, गेली. मग तिचा हात भाताकडे गेला. सहा घास खाल्ले. मी श्वास सोडला तो सातव्याला.

डबे घासताना मी म्हणाले, "वास आला परत. बरं झालं."

"आला की. पण ह्यो माझा हाय. सोनीचा गेला."

"सोनी कोण?"

"लेक माझी. तिचंच घोंगडं हे. ह्या इरावानीच व्हती, आवाजाला लई भ्यायची. मान खाजवून खाजवून रगात काढायची. आमी अंगारा लावायचो मानंला. नऊ वर्सांची असताना तापानं गेली." हातातला डबा त्यांनी पुन्हा घासला, स्वच्छ असूनही. "बाजारच्या फ्रॉकाची टोचनी व्हती ती, म्याडम. मला इथं आल्यावर कळलं."

त्या थांबल्या नाहीत, त्यांना पडदे उतरवायचे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलं येण्याआधी पोचले. कौसाबाई झाडत होत्या. मी स्टूल ओढलं, त्यांच्याकडे पाठ करून बसले आणि मानेवरचे केस वर धरले.

झाडू थांबला.

"काय करायल्या, म्याडम?"

"कापा."

झाडू भिंतीला टेकला. मग बटव्याची नाडी सुटल्याचा आवाज आला, आणि कॉलर उलटी करणारी खरखरीत बोटं मानेला लागली.

"हला नका," त्या म्हणाल्या.